सशस्त्र संघर्ष, अंतर्गत

एकाच राज्याच्या हद्दीत, तेथील शासनसंस्था व तिच्याविरुद्ध शस्त्र उचललेला संघटित गट यांच्यात, किंवा अशा दोन गटांत परस्परांत, काही काळ चालू राहणारी हिंसक झुंज म्हणजे अंतर्गत सशस्त्र संघर्ष होय. ही व्याख्या वरवर सरळ दिसली, तरी तिच्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द वादग्रस्त आहे. गट किती संघटित असावा, झुंज किती काळ चालावी, हिंसेची तीव्रता किती असावी, हे ठरविणारे सर्वमान्य माप उपलब्ध नाही. शिवाय जे माप असेल ते लावण्याचा अधिकार बहुधा संघर्षातील एका पक्षाकडेच, म्हणजे शासनाकडे असतो. त्यामुळे एकाच स्वरूपाचे प्रसंग एका दप्तरात दरोडा, दुसऱ्यात दंगा, तिसऱ्यात बंड आणि चौथ्यात युद्ध म्हणून नोंदले गेल्याचे आढळते. या नोंदीवर पुष्कळ काही अवलंबून असते. पकडलेला इसम गुन्हेगार ठरणार की युद्धकैदी, त्याच्याशी लढावयास पोलीस जाणार की सेना, मधल्या मध्ये सापडलेल्या गावकऱ्यांना कोणत्या कायद्याचे संरक्षण मिळणार, आणि त्या प्रदेशाची सुरक्षा हा चौकीपहाऱ्याचा प्रश्न मानावयाचा की राज्यकारभाराचा, हे सर्व त्या एका संज्ञेवरून ठरते.

मराठी दप्तरांत राज्याने केलेल्या शस्त्रप्रयोगासाठी स्वारी, मोहीम, लढाई हे शब्द येतात. राज्याविरुद्ध झालेल्या शस्त्रप्रयोगासाठी पुंडावा, बंड, दरोडा, लूट असे शब्द वापरले जातात. शब्दांच्या या दोन रांगा कृतीवरून पडलेल्या नाहीत. कर्ता कोण यावरून त्या पडल्या आहेत. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मात्र 'बंडकरी' हा शब्द नेहमीच निंदाव्यंजक नव्हता. बंडकऱ्यास कौल देऊन परत बोलावणे, त्याचे अपराध माफ करून एखाद्या घाटाची किंवा किल्ल्याची राखण त्याच्याकडेच सोपविणे, हा मराठेशाहीतील परिचित प्रघात होता. बंडकरी व राखणदार यांमधील सीमारेषा त्या काळी दोन्ही बाजूंनी ओलांडता येत असे. एकोणिसाव्या शतकात ती बंद होत गेली. ते कसे घडले हे पाहण्यास अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा राजूर परिसर विशेष उपयोगी पडतो.

राजूर परिसरातील उठाव : राजूर हे अकोले तालुक्यातील डोंगरी गावांच्या बाजारपेठेचे गाव असून डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी ते प्रसिद्ध आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही तेथे आहे. त्याच्या आसमंतात रतनगड, हरिश्चंद्रगड, अलंग, मदन, कुलंग हे किल्ले व कळसूबाईचे शिखर (१,६४६ मी.) असून प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. पश्चिमेस कडा तुटून कोकण सुरू होते. येथील वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर यांची. महादेव कोळ्यांचा मुलूख त्र्यंबकपासून दक्षिणेस भीमाशंकरपर्यंत घाटमाथ्याने पसरलेला आहे. इंग्रजी अंमलात त्याचे अहमदनगर, पुणे व ठाणे या जिल्ह्यांत तुकडे पडले. जिल्ह्यांच्या हद्दी कागदावर आखल्या गेल्या. घाटवाटा मात्र पूर्वीच्याच राहिल्या. एका जिल्ह्यात पाठलाग सुरू झाला की रात्रीत कडा उतरून दुसऱ्या जिल्ह्यात जाणे माहीतगारास अवघड नव्हते. प्रादेशिक सुरक्षेचा प्रश्न येथे प्रथम या रूपाने उभा राहिला.

पेशवाईच्या अखेरीपर्यंत किल्ल्यांची शिबंदी, घाटांची चौकी व रानातील माग काढणे या कामांत कोळी नाईकांचा मोठा वाटा होता. १८१८ मध्ये कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर डोंगरी किल्ले निकामी करण्यात आले. अनेक ठिकाणी पायऱ्या व दरवाजे फोडले गेले. किल्ल्यावरील शिबंदीची गरज संपली व तिच्यावर जगणाऱ्यांचे वेतन आणि हक्क घटले वा बंद झाले. सरकारी दृष्टीने ही काटकसर होती. डोंगरातील माणसांच्या दृष्टीने मात्र ज्यांच्या हाती सुरक्षा होती त्यांनाच तिच्यातून काढून टाकण्यात आले होते, आणि शस्त्रे तर अजून त्यांच्या घरांतच होती. १८२८ ते १८३० या काळात रामजी भांगरे व रामा किरवा यांच्या नेतृत्वाखाली या भागात उठाव झाला. रामजी हे पूर्वी सरकारच्याच पोलिसांत जमादार होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. उठाव मोडण्याच्या मोहिमेत कॅप्टन ॲलेक्झांडर मॅकिंटॉश हा अधिकारी प्रमुख होता. त्याने घाटाच्या वर व खाली अशी दोन्हींकडे सैन्याची ठाणी बसवून वाटा अडविल्या; म्हणजे जिल्ह्याची हद्द बाजूला ठेवून डोंगर हेच एकक धरले. पुढे त्याने महादेव कोळ्यांविषयी एक विस्तृत वृत्तांत लिहिला (१८३६). पुण्याच्या दक्षिणेकडील रामोशी व त्यांचे नायक उमाजी नाईक (फाशी १८३२) यांच्यावरील त्याचा ग्रंथ त्याआधीच, १८३३ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. लढणाऱ्या अधिकाऱ्यानेच शत्रूचे समाजवर्णन लिहावे हे त्या काळात नवल नव्हते. त्याची निरीक्षणे सूक्ष्म आहेत. पण ज्यांच्याविषयी ती आहेत त्यांचे स्वतःचे म्हणणे मोहिमेच्या चाळणीतून आलेले आहे, हे वाचकास विसरता येत नाही.

दुसरा व अधिक प्रसिद्ध उठाव रामजींचे पुत्र राघोजी भांगरे यांचा होय. राघोजी हे राजूर परिसरातील देवगावचे. १८४४ च्या सुमारास त्यांनी शस्त्र हाती घेतले व त्यांचे बंधू बापू हेही त्यांना सामील झाले. या उठावाला दोन तोंडे होती. एक सरकारकडे होते : पोलिसांच्या तुकड्यांवर हल्ले झाले आणि त्यांत पोलीस ठार झाले. दुसरे सावकारांकडे होते. रोकड सारा भरण्यासाठी डोंगरातील कुणबावा कर्जात बुडाला होता आणि नवी न्यायालये गहाणखतांच्या आधारे जमिनी सावकारांच्या नावे करून देत होती. राघोजींच्या टोळ्यांनी सावकारांचे कागद हिसकावले, त्यांची घरे लुटली, कित्येकांची नाके कापली. राघोजींच्या शोधात आलेल्या पोलिसांनी त्यांच्या आईस यातना दिल्याची व त्यामुळे उठाव अधिक पेटल्याची हकीकत जुन्या सरकारी गॅझेटियरमध्येही नमूद आहे. उठावाचा प्रसार अहमदनगर, पुणे व ठाणे जिल्ह्यांच्या डोंगराळ भागांत झाला. २ जानेवारी १८४८ रोजी राघोजी पंढरपूर येथे यात्रेकरूंच्या वेषात पकडले गेले. खटला होऊन २ मे १८४८ रोजी ठाणे येथील कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. फाशीऐवजी तलवारीने किंवा बंदुकीने मरण द्यावे अशी त्यांची मागणी होती, असे परंपरेने सांगितले जाते. तिची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी लोकस्मृतीने हीच गोष्ट जपावी यात अर्थ आहे. दोरी दरोडेखोराची आणि गोळी सैनिकाची, हा भेद डोंगरातील श्रोत्यांस समजावून सांगावा लागत नव्हता.

या उठावाला काय म्हणावे? सरकारी कागदांत टोळी, दरोडेखोर, बंडखोर हे शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात. स्वातंत्र्योत्तर लेखनात त्याला स्वातंत्र्ययुद्ध म्हटले जाते. दोन्ही वर्णने एकेका अंगाने तोकडी आहेत. केवळ लुटीसाठी जमलेली टोळी इतकी वर्षे गावोगावच्या आश्रयावर टिकत नाही आणि ती कर्जखते फाडीत बसत नाही. दुसऱ्या बाजूने, ताब्यातील प्रदेश, कायमचे ठाणे व घोषित राज्यव्यवस्था ही युद्धमान पक्षाची जुनी लक्षणेही येथे आढळत नाहीत; आणि नाके कापण्याची शिक्षा निःशस्त्र माणसांना दिली गेली, हे सावकारी कितीही पिळवणुकीची असली तरी झाकता येत नाही. आजच्या परिभाषेत ज्याला अंतर्गत सशस्त्र संघर्ष म्हणतात त्याच्या उंबरठ्यावरचे हे उदाहरण आहे. त्या काळी या उंबरठ्याला नावच नव्हते, म्हणून कंपनीच्या न्यायालयापुढे फाशीयोग्य अपराधी एवढीच राघोजींची ओळख उरली.

दहा वर्षांनी चित्र पालटले. १८५७ मध्ये याच जिल्ह्याच्या उत्तरेस भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांचा उठाव झाला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे येथील चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी मारला गेला. १८५९ च्या नोव्हेंबरात भागोजी चकमकीत पडले. या उठावाच्या बंदोबस्तासाठी कॅप्टन नटॉल याने डोंगरातील कोळ्यांचीच एक पलटण उभारली. ज्यांच्या बापभावांना दरोडेखोर ठरविले होते ते आता सरकारचे शिपाई झाले आणि त्यांनी चांगली सेवा बजावली असे अधिकाऱ्यांनीच लिहिले. १८६१ मध्ये, काम संपल्यावर, पलटण मोडण्यात आली. १८७३–७६ या काळात होन्या केंगले यांच्या नेतृत्वाखाली कोळी पुन्हा सावकारांविरुद्ध उठले. शिबंदी मोडणे, उठाव होणे, त्याच लोकांना पुन्हा नोकरीस घेणे व गरज संपताच सोडून देणे हा क्रम अर्धशतकात दोनदा दिसतो. त्याचे कारण कोळ्यांच्या स्वभावात शोधण्याची तत्कालीन अधिकाऱ्यांची प्रवृत्ती आता कोणी गंभीरपणे घेत नाही.

संज्ञेचे परिणाम : याच सुमारास, १८७५ च्या मे–जूनमध्ये, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांच्या पूर्वेकडील सपाट भागात कुणब्यांनी सावकारांविरुद्ध हालचाल केली. १२ मे रोजी सुपे येथे तिची सुरुवात झाली. तेथेही कर्जखते हिसकावून जाळण्यात आली. गाऱ्हाणे डोंगरातल्यासारखेच होते; पण लोक शस्त्रे घेऊन रानात गेले नाहीत आणि मनुष्यहानी फारशी झाली नाही. सरकारने या प्रकारास 'दंगे' म्हटले. दंग्यासाठी चौकशी आयोग नेमता येतो, तसा तो नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. डोंगरातील उठावांनंतर अशा चौकशीस कोणी हात घातला नव्हता. दोन्ही ठिकाणची परिस्थिती अगदी सारखी होती असे म्हणता येणार नाही. तरी 'दंगा' या शब्दाने कारण शोधण्याची वाट उघडी ठेवली व 'बंड' या शब्दाने ती बंद केली, एवढे या तुलनेवरून दिसते.

१८७९ मध्येच वासुदेव बळवंत फडके यांचा उठाव झाला. फडके यांनी रामोशी व कोळी यांची मदत घेतली होती. सैन्य उभारण्यासाठी द्रव्य हवे आणि ते सावकारांवरील छाप्यांतून मिळवावयाचे, असा त्यांचा क्रम होता. म्हणजे साधन दरोड्याचे व हेतू राज्य उलथण्याचा. आता मात्र कायदा बदलला होता. १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंड संहितेच्या १२१ व्या व लगतच्या कलमांत सरकारविरुद्ध युद्ध करणे, तसा प्रयत्न किंवा कट करणे हे गुन्हे सांगितले होते. फडके यांच्यावर दरोड्यांबरोबर युद्धाच्या तयारीचेही आरोप ठेवले गेले. पुणे येथील खटल्यात गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) व महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांचा बचाव केला. जन्मठेप होऊन त्यांना एडनला पाठविण्यात आले आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. युद्ध केल्याचा आरोप ज्याच्यावर आहे त्याला योद्ध्याचा दर्जा मात्र नाही, ही या कलमाची विसंगती फडके यांच्या खटल्यात प्रथमच ठळकपणे महाराष्ट्रापुढे आली. देशांतर्गत कायद्यात ती आजही आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा : युरोपीय परंपरेत युद्ध म्हणजे दोन सार्वभौम राज्यांतील घोषित अवस्था. बंडखोरांना युद्धमान पक्ष म्हणून मान्यता मिळाली तरच त्यांना युद्धाचे नियम लागू होत, आणि अशी मान्यता क्वचितच मिळे. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६३ मध्ये, फ्रान्सिस लीबर याने तयार केलेल्या संहितेत उठाव, बंड व यादवी युद्ध यांत भेद करण्याचा यत्न आहे. हेगच्या १८९९ व १९०७ च्या करारांनी योद्धा कोणास म्हणावे यासाठी चार अटी घातल्या : जबाबदार नायक, दुरून ओळखू येणारे चिन्ह, उघडपणे बाळगलेले शस्त्र व युद्धनियमांचे पालन. घाटमाथ्यावरील कोणताही बंडकरी यांपैकी दुसऱ्या अटीत बसला नसता. रानात लढणाऱ्याचा सारा जीव न ओळखू येण्यातच असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर 'युद्ध' हा शब्द मागे पडून 'सशस्त्र संघर्ष' हा रूढ झाला. १९४९ च्या चार जिनीव्हा करारांतील समान तिसऱ्या कलमाने आंतरराष्ट्रीय स्वरूप नसलेल्या सशस्त्र संघर्षांतही काही किमान नियम बंधनकारक केले. शस्त्र खाली ठेवलेल्या, जखमी किंवा कैद झालेल्या माणसाचा वध, छळ व विटंबना करू नये, त्याला ओलीस ठेवू नये आणि रीतसर न्यायालयाच्या निर्णयावाचून त्याला शिक्षा देऊ नये, असे हे नियम आहेत. त्यांच्या पालनामुळे बंडखोरांच्या कायदेशीर दर्जात फरक पडत नाही, असा खुलासाही त्याच कलमात आहे. शासनांची भीती घालविण्यासाठी तो घालण्यात आला. मात्र सशस्त्र संघर्ष म्हणजे काय हे कलम सांगत नाही. १९७७ च्या दुसऱ्या पूरक मसुद्याने (प्रोटोकॉल) ती उणीव भरून काढताना अट इतकी कडक केली की बंडखोरांच्या हाती काही प्रदेशाचा ताबा असावा व त्यावरून त्यांना सतत आणि योजनाबद्ध लष्करी कारवाया करता याव्यात. दंगे व तुरळक हिंसा तीतून वगळण्यात आल्या. पुढे यूगोस्लाव्हियाविषयीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने टाडिच प्रकरणात (२ ऑक्टोबर १९९५) अधिक व्यवहार्य कसोटी दिली : शासन व संघटित सशस्त्र गट यांच्यातील, किंवा अशा गटांमधील, दीर्घकाळ चालणारी सशस्त्र हिंसा. प्रदेशाच्या ताब्याची अट तीत नाही. राघोजींचा उठाव १९७७ च्या अटीत बसत नाही. १९९५ च्या कसोटीस तो बराच जवळ येतो. भूतकाळास आजचा कायदा लागू होत नाही हे खरे; पण व्याख्येतील एक अट काढली की किती माणसे संरक्षणाच्या आत येतात, हे या उदाहरणावरून मोजता येते.

भारताने जिनीव्हा करारांस १९५० मध्ये अनुसमर्थन दिले व १९६० मध्ये त्यासाठी अधिनियम केला. १९७७ चे मसुदे व आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची रोम संविधी (१९९८) भारताने स्वीकारलेली नाहीत. देशातील सशस्त्र चळवळी हा कायदा व सुव्यवस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भारताची भूमिका राहिली आहे. वसाहतवादाचा अनुभव घेतलेल्या राष्ट्राची सार्वभौमत्वाविषयीची दक्षता तीमागे आहे. दक्षिण आशियात या भूमिकेला प्रादेशिक पर्यायही उपलब्ध नाही : १९८५ च्या सार्क सनदेने द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळले आणि १९८७ चा दहशतवादविरोधी प्रादेशिक करार मुख्यतः गुन्हेगारांच्या प्रत्यार्पणाभोवती फिरतो.

संविधानातही संज्ञेचा हा प्रश्न एकदा निकडीने पुढे आला. आणीबाणी घोषित करण्याची कारणे सांगताना ३५२ व्या अनुच्छेदात मुळात युद्ध व परचक्र यांजबरोबर 'अंतर्गत अशांतता' हे शब्द होते. १९७५ ची आणीबाणी त्यांच्या आधारे घोषित झाली. या शब्दांत निदर्शनांपासून बंडापर्यंत काहीही सामावू शकते हे अनुभवास आल्यावर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्यांच्या जागी 'सशस्त्र बंड' ही संज्ञा आणली. सशस्त्र बंड म्हणजे काय, हे मात्र संविधान सांगत नाही.

महाराष्ट्रातील अलीकडील घटना : १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बाँबस्फोटांत २५७ माणसे मरण पावली. तो खटला मुख्यतः टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली चालला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहा हल्लेखोरांनी मुंबईत १६६ जणांचे प्राण घेतले. जिवंत पकडल्या गेलेल्या अजमल कसाब याच्यावरील आरोपांत मात्र १२१ वे कलम अग्रभागी होते. हे कलम परकीय नागरिकास लागू होते काय, आणि रेल्वेस्थानक, रुग्णालय व हॉटेल यांतील सामान्य माणसांवरील हल्ला हे 'सरकारविरुद्ध युद्ध' ठरते काय, असे प्रश्न उपस्थित झाले. २९ ऑगस्ट २०१२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने दोन्हींची उत्तरे होकारार्थी दिली. कलमातील 'भारत सरकार' या शब्दांचा अर्थ भारतीय राज्य व सार्वभौमत्वाचे अधिष्ठान असलेली जनता असा व्यापक घेतला. साम्राज्यसत्तेच्या रक्षणासाठी घडविलेल्या कलमाचा हा अर्थविस्तार मोठा आहे. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात कसाबला फाशी देण्यात आली. संज्ञांचा असाच पेच विम्याच्या क्षेत्रातही दिसतो : युद्धाची हानी सामान्य विमापत्रातून वगळलेली असते, आणि दहशतवादी कृत्यांच्या हानीसाठी भारतातील विमा कंपन्यांना २००२ मध्ये स्वतंत्र सामाईक निधी उभारावा लागला.

गडचिरोली जिल्ह्यातील (स्थापना १९८२) नक्षलवादी चळवळ हे दीर्घकाळ चाललेल्या संघर्षाचे उदाहरण होय. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथील सुरुंगस्फोटात १५ पोलीस व वाहनचालक मृत्युमुखी पडले. एप्रिल २०१८ मधील इंद्रावती नदीकाठच्या चकमकीत मृत नक्षलवाद्यांची संख्या ४० पर्यंत गेली. संघटना, शस्त्रे, कालावधी व तीव्रता यांपैकी कोणत्याही कसोटीने पाहता हा तुरळक गुन्ह्यांचा प्रकार नव्हता. तरीही शासनाने तो पोलिसांच्या कक्षेतच ठेवला. ईशान्य भारतात लागू झालेला सेनादलांच्या विशेषाधिकारांचा १९५८ चा कायदा येथे वापरला गेला नाही. या निर्णयाची एक बाजू इष्ट म्हणावी लागेल : पोलिसास निदान तत्त्वतः प्रत्येक मृत्यूचा जबाब फौजदारी कायद्यापुढे द्यावा लागतो. दुसरी बाजू अशी की जंगलातील गावकरी दोन्हींकडून खबऱ्या म्हणून संशयित ठरला व जिनीव्हा करारांतील किमान नियमांचा आधार त्याला मागता आला नाही, कारण संघर्षाचे अस्तित्वच अधिकृतपणे मान्य नव्हते.

१९९० मध्ये उभारलेले सी-६० हे पोलीस पथक प्रामुख्याने स्थानिक आदिवासी तरुणांचे आहे. रान, वाटा व भाषा जाणणाऱ्यांनाच बंदोबस्तात घेण्याची ही रीत नटॉलच्या कोळी पलटणीची आठवण करून देते. फरक इतकाच की सी-६० चे जवान नियमित पोलीस सेवेत आहेत. शेजारच्या छत्तीसगढमध्ये अल्प मानधनावर आदिवासी तरुणांना विशेष पोलीस म्हणून शस्त्रे देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी घटनाबाह्य ठरविली. तात्पुरत्या शिबंदीचा जो धोका १८१८ व १८६१ नंतर अकोल्याच्या डोंगरात दिसला, तोच येथे घटनात्मक भाषेत मांडला गेला.

महाराष्ट्र शासनाच्या २००५ पासूनच्या आत्मसमर्पण योजनेत शरण येणाऱ्यास आर्थिक साहाय्य व पुनर्वसन मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये चळवळीच्या ज्येष्ठ नेत्यांपैकी एक, भूपती या नावाने परिचित असलेले मल्लोजुला वेणुगोपाल राव, यांनी सु. ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. शरणागतांशी झालेला हा व्यवहार दंडसंहितेत बसत नाही, कारण गुन्हेगाराशी तह होत नसतो. युद्धाच्या कायद्यातही तो बसत नाही, कारण युद्ध मान्य केलेले नाही. जुन्या दप्तरांत त्याला 'कौल' हा नेमका शब्द होता.

व्याख्येच्या अडचणी आंतरराष्ट्रीय सीमेवरही वाढल्या आहेत. १९९९ चा कारगिल संघर्ष दोन्ही देशांनी युद्ध न पुकारता लढला गेला. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय सैनिक मृत्यू पावले तेव्हा बंदुकीची एकही गोळी सुटली नाही. प्रत्यक्ष ताबारेषेच्या दोन किलोमीटरच्या आत अग्निशस्त्रे न चालविण्याचा १९९६ चा करार दोन्ही सैन्यांनी शब्दशः पाळला व हाणामारी दगड आणि खिळे ठोकलेल्या दांड्यांनी झाली. संगणकव्यवस्थेवरील हल्ला, चालकरहित विमान, सीमेपलीकडून पोसलेला गट यांबाबत तर शस्त्र कोणते आणि ते चालविणारा कोण, येथूनच वाद सुरू होतो. १९७४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने केलेल्या आक्रमणाच्या व्याख्येत परराज्यात सशस्त्र टोळ्या पाठविणे अंतर्भूत आहे. परंतु पाठविणे सिद्ध कसे करावे याचे उत्तर तीत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. दहशतवादी कृत्याची सविस्तर व्याख्या तिच्या ११३ व्या कलमात प्रथमच सर्वसाधारण फौजदारी कायद्यात आली. सरकारविरुद्ध युद्ध करण्याचे जुने १२१ वे कलम १४७ व्या क्रमांकाने कायम राहिले असून 'युद्ध' या शब्दाची व्याख्या नव्या संहितेतही दिलेली नाही.